रिमोटचं बटण आईच्या अंगठ्याला बसवताना

गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी टीव्हीला स्ट्रीमिंग बॉक्स जोडला आणि तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीनदा आईची हाक ठरलेली. "अरं, बघ की, परत बिघडलंय हे. मी काय केलो नाही, नुसता आवाज कमी करत होतो."

बिघडलेलं काहीच नसायचं. पडद्यावर एका ओटीटीचं लॉगिनचं पान उघडलेलं असायचं. त्या ओटीटीची वर्गणी आम्ही कधी भरलीच नव्हती. एक दिवस मी टीव्हीकडे न बघता आईच्या हाताकडे बघत बसलो. तिच्या उजव्या अंगठ्याला संधिवात आहे. आवाजाच्या बटणावरून अंगठा उचलताना तो किंचित खाली घसरतो आणि तिथंच, बोटभर अंतरावर, त्या ओटीटीचं बटण आहे. बटण मोठं, गुळगुळीत आणि हलक्या दाबानंही लागणारं. दोष आईचा नव्हता, बटणाच्या जागेचा होता. पण रिमोटवरची जागा काही बदलता येत नाही. मग बटणाचं काम बदलता येतं का, हा प्रश्न डोक्यात शिरला. उत्तर असं आहे की बऱ्याचदा येतं. कधी येतं आणि कधी येत नाही, हे मात्र समजून घ्यावं लागतं. ते समजलं नाही तर माणूस तासभर सेटिंगमध्ये फिरतो आणि शेवटी रिमोट आपटतो.

आधी मुळाशी जाऊ. रिमोटचं बटण कुठलंही काम करत नाही. ते फक्त एक आकडा पाठवतं. "आवाज वाढव" किंवा "यूट्यूब उघड" असं त्यात काही लिहिलेलं नसतं. त्या आकड्याचा अर्थ पुढं कुणीतरी लावतो. बटणाचं काम बदलायचं म्हणजे तो अर्थ लावणारा गाठायचा. तो कुठं बसलाय हे आकडा कोणत्या वाटेनं जातो त्यावर ठरतं, आणि वाटा मुख्यतः दोन आहेत.

पहिली वाट उजेडाची. जुन्या टीव्हीचे, केबलच्या सेट टॉप बॉक्सचे, पंख्याचे रिमोट याच वाटेनं चालतात. रिमोटच्या तोंडाशी जो छोटा दिवा असतो तो इन्फ्रारेड उजेड फेकतो. त्याची तरंगलांबी साधारण 940 नॅनोमीटर, म्हणजे आपल्या डोळ्याला दिसणाऱ्या लाल रंगाच्याही पलीकडची. हा उजेड सेकंदाला सुमारे 38,000 वेळा लुकलुकतो, त्यामुळं खोलीतल्या बल्बच्या किंवा उन्हाच्या उजेडातून टीव्हीला तो वेगळा ओळखता येतो. या लुकलुकीच्या लांब-आखूड तुकड्यांतून आकडा तयार होतो. एनईसी नावाची एक खूप चालणारी पद्धत आहे. तिच्यात आधी 9 मिलिसेकंदांचा लांब झोत, मग 4.5 मिलिसेकंदांची शांतता आणि मग शून्य-एकाचे 32 ठोके असतात. त्यातला एक भाग "मी अमुक कंपनीच्या टीव्हीशी बोलतोय" असं सांगतो आणि दुसरा भाग बटणाचा आकडा. आकडा दोनदा जातो, एकदा सरळ आणि एकदा उलटा (शून्याचा एक, एकाचा शून्य) करून, म्हणजे वाटेत चूक झाली तर टीव्हीला ती कळते.

या वाटेला समोरासमोर जागा लागते. कोल्हापूरकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. 9, 10, 11 नोव्हेंबरला आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप, पितळी उंबरा ओलांडत गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. वाटेत एखाद्या इमारतीचा कठडा किंवा पत्रा आडवा आला, आभाळ भरून आलं की किरणं अडतात, म्हणून त्या वाटेतले अडथळे मोजायचे आणि काढायचे हा इथला जुना विषय. रिमोटचा उजेडही असाच सरळ जातो. फरक इतकाच की खोली लहान असल्यामुळं तो पांढऱ्या भिंतीवरून, छतावरून परतूनही टीव्हीपर्यंत पोचू शकतो. पण टीव्हीच्या डोळ्यासमोर फुलदाणी ठेवली की आवाज वाढेना, असं होतं ते यामुळंच.

दुसरी वाट ब्लूटूथची. आजच्या बहुतेक स्ट्रीमिंग स्टिक आणि बॉक्सचे रिमोट रेडिओलहरींवर, 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. स्टिक टीव्हीच्या पाठीमागं यूएसबीच्या वायरींत लपलेली असते, तिला उजेड दिसणारच नाही. रेडिओलहरींना पडदा, लाकूड, गोधडी आड येत नाही. रिमोट पांघरुणाखाली धरूनही चालतो.

आता खरी मेख. एकाच रिमोटवर या दोन्ही वाटा असू शकतात, आणि बहुतेक वेळा असतातच. वर-खाली-डावी-उजवी, ओके, होम, बॅक ही बटणं ब्लूटूथनं बॉक्सशी बोलतात. आवाज आणि टीव्ही चालू-बंद करायचं बटण मात्र बऱ्याच रिमोटवर उजेडानं थेट टीव्हीशी बोलतं. त्या बटणाचा आकडा बॉक्सपर्यंत जातच नाही, मग बॉक्सवर कुठलंही अ‍ॅप टाकलं तरी ते आवाजाचं बटण बदलू शकणार नाही. लोक नेमके इथं अडकतात. त्यांचं अ‍ॅप चुकलेलं नसतं, आकडा दुसऱ्या दाराला गेलेला असतो.

कुठलं बटण कुठल्या वाटेचं हे घरच्या घरी पाहता येतं. मोबाइलचा कॅमेरा चालू करा, शक्यतो सेल्फीचा, कारण मागच्या कॅमेऱ्याला इन्फ्रारेड अडवणारी काच जास्त कडक असते. रिमोटचं तोंड कॅमेऱ्याकडं करून एकेक बटण दाबा. ज्या बटणाला पडद्यावर फिकट जांभळा ठिपका लुकलुकतो ते उजेडाचं. ज्याला काही दिसत नाही ते बहुधा ब्लूटूथचं. काही स्वस्त बॉक्सचे रिमोट पूर्णच उजेडावर चालतात, म्हणून दुसरी परीक्षाही करावी: रिमोट पाठीमागं धरून उशीत दाबायचा. तरीही पडद्यावर काम झालं तर ब्लूटूथ पक्कं. आईच्या रिमोटवर आवाज आणि पॉवर लुकलुकले, बाकी सगळं अंधारात. ते अडचणीचं बटणही अंधारात. म्हणजे त्याचा आकडा बॉक्सकडंच येत होता आणि हाताशी लागण्यासारखा होता.

बॉक्समध्ये आल्यावर त्या आकड्याचं काय होतं? आमचा बॉक्स अँड्रॉइड टीव्हीवर चालतो, म्हणून त्याचंच सांगतो. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स नावाची मूळ यंत्रणा आहे. रिमोटचा आकडा आधी तिथं पोचतो आणि त्याला स्कॅन कोड म्हणतात. आवाज वाढवण्याचा स्कॅन कोड 115, कमी करण्याचा 114, वरच्या बाणाचा 103, बॅकचा 158. मग "की लेआउट" नावाची एक साधी फाइल उघडली जाते. ती म्हणजे निव्वळ दोन रकान्यांची यादी, या आकड्याला आमच्याकडं हे म्हणतात. तिथं 115 चा 24 होतो, 103 चा 19 होतो. अँड्रॉइडला कळणारे आकडे हे दुसरे: होम 3, बॅक 4, चार बाण 19 ते 22, मधलं ओके 23. हा दुसरा आकडा मग त्या वेळी पडद्यावर जे अ‍ॅप उघडं आहे त्याच्या हातात दिला जातो. काही बटणं मात्र अ‍ॅपला कधीच मिळत नाहीत. होमचं बटण यंत्रणा स्वतःकडंच ठेवते, नाहीतर एखाद्या अ‍ॅपनं तुम्हाला बाहेरच पडू दिलं नसतं.

या वाटेवर हात घालायच्या दोन जागा आहेत. एक, ती यादीची फाइलच बदलायची. त्यासाठी बॉक्स रूट करावा लागतो, म्हणजे कंपनीनं घातलेलं कुलूप तोडून यंत्रणेचा पूर्ण ताबा घ्यावा लागतो. मी कुणालाही हे सुचवणार नाही. वॉरंटीचं सोडा, पण रूट केलेल्या बॉक्सवर काही ओटीटी अ‍ॅप नीट चालत नाहीत. दुसरी जागा सभ्य आहे. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी नावाची सोय आहे, ज्यांना दिसत नाही किंवा ज्यांचे हात चालत नाहीत अशांसाठी केलेली. ही परवानगी दिलेलं अ‍ॅप बटणाचा आकडा उघड्या अ‍ॅपला मिळायच्या आधी पाहू शकतं आणि हवा तर मधल्या मध्ये अडवून दुसरंच काम करू शकतं. 2013 च्या अँड्रॉइड 4.3 पासून बटणं गाळण्याची ही सोय आहे. बटण मॅपर, टीव्हीक्विकअ‍ॅक्शन्स अशी अ‍ॅप तिच्यावरच उभी आहेत. मला हे फार आवडलं. थरथरणाऱ्या हातांसाठी जी वाट बांधली, त्याच वाटेनं आईचा प्रश्न सुटणार होता.

पण ही परवानगी देताना हात आखडता ठेवायचा. जे अ‍ॅप प्रत्येक बटण आधी पाहतं ते तुम्ही रिमोटनं टाईप केलेलं वायफायचं पासवर्डही पाहू शकतं, पडद्यावरचा मजकूरही वाचू शकतं. म्हणून असं अ‍ॅप फक्त प्ले स्टोअरवरून घ्यावं, जुनं आणि बऱ्याच लोकांनी वापरलेलं घ्यावं, आणि एकच घ्यावं. कुणी पेनड्राइव्हवर फाइल आणून दिली तर नको म्हणावं. अँड्रॉइड 13 पासून बाहेरून टाकलेल्या अ‍ॅपला ही परवानगी सहज मिळत नाही, मुद्दाम आडकाठी घातली आहे, ती योग्यच आहे.

पुढचं काम दहा मिनिटांचं. बटण मॅपर टाकलं, अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन चालू केलं, अ‍ॅपमध्ये नवीन बटण जोडायचा पर्याय उघडला आणि रिमोटवरचं ते बटण दाबलं. इथं खरी परीक्षा होते. अ‍ॅपनं "हे बटण ओळखलं" असं दाखवलं तर जिंकलात. काहीच न होता ओटीटी उघडली तर समजायचं की बॉक्स बनवणाऱ्यांनी ते बटण यंत्रणेच्या आत, अ‍ॅक्सेसिबिलिटीच्याही आधी पकडून ठेवलं आहे. असं घडतं, आणि त्याला कारण आहे. ही बटणं सोयीसाठी छापलेली नसतात, तो व्यवहार असतो. नेटफ्लिक्सनं 2011 च्या जानेवारीत वेगवेगळ्या कंपन्यांच्या रिमोटवर आपलं बटण येणार असल्याचं जाहीर केलं, आणि नंतर रिमोटवरची ती जागा विकत घ्यायची वस्तू झाली. ज्या जागेचे पैसे मोजले ती जागा सहजी कुणी दुसऱ्याला देत नाही. गंमत अशी की व्यवहार बदलतात, अ‍ॅप बदलतात, पण रबरावर छापलेलं नाव तसंच राहतं. 14 फेब्रुवारी 2025 ला जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एक होऊन जिओहॉटस्टार झालं. घरोघरचे जुने रिमोट अजून जुनीच नावं घेऊन सोफ्यावर पडलेत.

आमचं बटण ओळखलं गेलं. आता त्याला काय काम द्यायचं? माझ्या मनात आलं, यूट्यूब देऊ. आईला रोज सकाळी अंबाबाईचं लाईव्ह दर्शन लागतं, आणि माझ्या भाच्याला शाहू स्टेडियमवरची फुटबॉलची मॅच, पाटाकडील तालमीचा संघ खेळत असेल तर जास्तच. पण मग लक्षात आलं की आईचा अंगठा घसरायचा थांबणार नाही. लॉगिनच्या पानाऐवजी यूट्यूब उघडेल, पण चालू असलेली मालिका जाईलच. म्हणून त्या बटणाला "काहीच करू नको" हे काम दिलं. यूट्यूब दिलं दुसऱ्या ओटीटीच्या बटणाला, जे कडेला आहे आणि चुकून लागत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी रिमोट लावताना आधी कुठली बटणं गप्प करायची हे ठरवावं, कुठली कामाला लावायची ते नंतर. बहुतेक लोक उलट करतात.

थेट दर्शनाच्याच व्हिडिओवर बटण लावावं असं तुम्हाला वाटेल. लाईव्हचा दुवा बदलत राहतो, आजचा उद्या चालेल असं नाही. त्यापेक्षा यूट्यूबवर ते चॅनेल सबस्क्राइब करून ठेवलं की यादीत वरच सापडतं. आईला बटण, मग दोन बाण, मग ओके, एवढं शिकवलं.

दाबायच्या पद्धतीही तीन असतात: एकदा दाबणं, दोनदा दाबणं, धरून ठेवणं. एका बटणाला तीन कामं देता येतात म्हणून तरुण पोरं खूश होतात. इथं एक किंमत मोजावी लागते. दोनदा दाबण्याला काम दिलं की एकदा दाबल्यावर अ‍ॅप क्षणभर थांबतं, दुसरा दाब येतोय का बघायला. बटण जड झाल्यासारखं वाटतं. आणि धरून ठेवणं म्हणजे साधारण अर्धा सेकंद. आईचं साधं दाबणंच त्याहून लांब असतं. तिला एकच कळ, एकच काम द्यावं. धरून ठेवण्याची वेळ अ‍ॅपमध्ये वाढवता येते, ती मी वाढवली, म्हणजे तिच्या हळू दाबण्याचा वेगळा अर्थ लागत नाही.

अँड्रॉइड नसेल तर काय, हे थोडक्यात. एलजीच्या वेबओएस टीव्हीवर आकड्याची बटणं असतील तर कुठलंही अ‍ॅप न टाकता काम होतं: 0 धरून ठेवला की यादी उघडते, तिथं 1 ते 9 पैकी एखाद्या आकड्याला अ‍ॅप नेमायचं, मग तो आकडा धरला की अ‍ॅप उघडतं. कितीतरी घरांत हा टीव्ही आहे आणि ही सोय कुणाला ठाऊक नाही. अ‍ॅपल टीव्हीत टीव्हीच्या चिन्हाचं बटण होम स्क्रीन दाखवेल की कंपनीचं अ‍ॅप उघडेल एवढंच निवडता येतं. फायर टीव्हीच्या साध्या रिमोटवर अ‍ॅपची बटणं बदलायची सोय सेटिंगमध्ये नाही. 2022 मध्ये आलेल्या प्रो रिमोटवर मात्र दोन मोकळी बटणं आहेत. गूगल टीव्ही स्ट्रीमरच्या रिमोटवर चांदणीचं एक बटण मोकळं ठेवलंय. निदान एक बटण मालकाचं, हे कंपन्यांनी आता मान्य करायला सुरुवात केली आहे. मला वाटतं, ते प्रत्येक रिमोटवर असायलाच हवं.

दोन रिमोट हातात घ्यायचा त्रास वेगळा. त्यावर टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी चालू करून बघावं. प्रत्येक कंपनीनं त्याला आपलं नाव दिलंय: सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. हे चालू केलं की टीव्ही आणि बॉक्स एचडीएमआयच्या वायरीतूनच एकमेकांशी बोलतात. बॉक्स जागा झाला की टीव्ही जागा होतो आणि टीव्हीच्या रिमोटनंही बॉक्स बराचसा चालवता येतो. आणि केबलच्या किंवा ब्रॉडबँडच्या बॉक्सच्या रिमोटवर "सेट" असं लिहिलेलं बटण असेल तर तो बहुधा शिकणारा रिमोट असतो. सेट धरायचं, छोटा दिवा लागला की टीव्हीचा मूळ रिमोट त्याच्या तोंडासमोर दोन-तीन सेंटिमीटरवर धरायचा आणि मूळ बटण दाबायचं. उजेडाचा तो नमुना नवा रिमोट पाठ करून घेतो.

आणि अ‍ॅपनं बटण ओळखलंच नाही तर? माझ्या बहिणीकडं, राजारामपुरीत, तसंच झालं. तिच्या सासूबाईंची तक्रार आईसारखीच, पण बॉक्स वेगळा आणि बटण हटवादी. लक्ष्मीपुरीत रिमोट दुरुस्त करणाऱ्या एका मामांकडं तो नेला. त्यांनी सेल काढले, एक स्क्रू सोडवला, कडेनं पातळ पट्टी फिरवून रिमोट दोन फाकांत उघडला. आत हिरवी पट्टी आणि तिच्यावर रबराची एकसंध चादर. चादर उलटली की प्रत्येक बटणाच्या पोटाला काळी, वाटाण्याच्या डाळीएवढी कार्बनची टिकली. ही टिकली हिरव्या पट्टीवरच्या दोन तारांच्या कंगव्यावर टेकते, तारा जोडल्या जातात, आकडा निघतो. सगळ्या रिमोटचं मर्म एवढंच. मामांनी त्या एका कंगव्यावर सेलोटेपचा चौकोनी तुकडा लावला, नखानं घासून सपाट केला आणि रिमोट मिटला. बटण दाबलं जातं, पण आकडा निघत नाही. उद्या ती वर्गणी भरली तर टेप काढायची. "सॉफ्टवेरचं काय नसतंय ओ ह्यात," मामा म्हणाले, "वाटच बंद केली की झालं."

त्यांनीच आणखी एक गोष्ट सांगितली, ती आईच्या रिमोटलाही केली. आकड्यांच्या रिमोटवर 5 वर एक बारीक उंचवटा असतो, अंधारात बोटाला मधली जागा कळावी म्हणून. तसा उंचवटा आपण करायचा. यूट्यूबच्या बटणावर नेलपॉलिशचे तीन थेंब, एक वाळला की दुसरा. आईनं त्याला नावच दिलं, "अंबाबाईचं बटण". आता ती रिमोटकडं बघत नाही, अंगठ्यानं चाचपते, थेंब लागला की दाबते.

राहिली एक गोष्ट. लाईट गेली आणि बॉक्स पुन्हा सुरू झाला, किंवा बॉक्सची मेमरी भरली, की ती अ‍ॅक्सेसिबिलिटीची सेवा कधीकधी बंद पडते. मग सगळी बटणं जुन्या वागण्यावर येतात. अ‍ॅप पुसू नका, पुन्हा टाकू नका. सेटिंगमध्ये जाऊन फक्त चालू करा, तुमची नेमणूक तशीच असते. ऑक्टोबरात आमच्याकडं दुपारी दोन तास लाईट नव्हती आणि मी कामावर होतो. आईचा फोन आला नाही. संध्याकाळी घरी आलो तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, गॅसची टाकी लावल्याच्या तारखेशेजारी, तिनं तिच्या वाकड्या अक्षरात पायऱ्या लिहून ठेवल्या होत्या: होम, दाते चाक, अ‍ॅक्सेसि, बटण, चालू. खाली लिहिलं होतं, "मी केलो."